चाचाचं बोट

आमच्या चाचाला सायकलसुद्धा चालवता येत न्हाई. हे कोणाला सांगितलं तर खरं वाटत न्हाई, कारण आमच्या भागात छोट्या ट्रॅक्टरचं स्टेरिंग बिघडलं की लोक दुसऱ्या कोणाचं नावच घेत नव्हते. छोटा म्हणजे बागेतला. मोसंबीच्या फांद्यांखालून फवारणीची टाकी ओढत जातो तो बुटका. राजूरपासून हसनाबादपर्यंत तसले जेवढे ट्रॅक्टर असतील, तेवढे कधी ना कधी चाचाच्या पत्र्याच्या शेडात येऊन गेलेले. पण चालत्या गाडीचं चाक ह्या बाबानं जन्मात हातात धरलं न्हाई. मी एकदा विचारलं, चाचा, भ्या वाटतं का? तर म्हणाला, पेटी दुरुस्त करणाऱ्याला गाणं यायलाच पाहिजे का?

मी त्याच्याकडं नऊ वर्षं काम केलं. त्याच्या आधी अंकुशनगरला उसाचा ट्रॅक्टर चालवायचो. माझा बाप मेंढरं राखायचा, त्यामुळं आमच्या घरात पाय एका जागी ठरायची सवयच नव्हती. शेवटी बायको म्हणाली, आता बसा की एका जागी, आणि मी राजूरच्या रस्त्यावर चाचाच्या शेडात आल्तो. तोवर मला दोन लेकरं होती. तरी चाचानं पहिल्या दिवशी मला पान्ह्याला शिवू दिलं न्हाई, दिवसभर लिंबाखाली बसवून नुसते ट्रॅक्टरचे आवाज ऐकायला लावले. माझं नाव त्यानं कधी घेतलं न्हाई. "ड्रायवर" म्हणायचा, आणि असं म्हणायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, शिवी दिली.

मी हे लिहून राह्यलो ते चाचाचं कौतुक करायला न्हाई. कौतुक होईलच, त्याला माझा इलाज न्हाई. पण मला सांगायची आहे माझी लाज, आणि चाचा कसा माणूस आहे ते कळल्याशिवाय ती तुम्हाला कळायची न्हाई.

इंजिनाला तो हात लावायचा न्हाई. ब्रेक न्हाई, क्लच न्हाई. कोणी म्हणालं, चाचा, आलोच आहे तर धूर का मारतो ते बी बघा, की हा सरळ रस्त्यापलीकडच्या मेस्त्रीकडं हात करायचा आणि म्हणायचा, वो पेट का डॉक्टर है. मोठ्या ट्रॅक्टरचं स्टेरिंगसुद्धा घ्यायचा न्हाई. त्याचं म्हणणं, मोठा ट्रॅक्टर सरळ तासात चालतो, बांधाला गेला की एकदा वळतो, त्याला स्टेरिंग असलं काय आन् नसलं काय. खरी परीक्षा बागेतल्याची. दर झाडाला वळण, वरून फांदी, खाली ठिबकची नळी. चाक थोडं जास्त फिरलं तर नळी तुटते, थोडं कमी फिरलं तर मोसंबीची साल निघते.

शेडापुढं दोन पिंपं ठेवलेली होती. ट्रॅक्टर आला की मालकाला त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत फिरवायचा आणि स्वतः तिकडं पाठ करून बसायचा. बघायचा न्हाई, ऐकायचा. तिसऱ्या फेरीला हात वर करायचा. मंग उठून पुढच्या टायरावरून तळहात फिरवायचा आणि ट्रॅक्टरचा दोष सांगायच्या ऐवजी मालकाच्या खोड्या सांगायचा. तुम्ही एका हातानं वळता. तुमच्या घरातलं कोणीतरी बांधावरून उडवतं. माणसं ओशाळायची. एकानं तर घरी जाऊन सख्ख्या भावाशी भांडण काढलं, की चाचा म्हणतो तू माझ्या माघारी ट्रॅक्टर नेतो. आणि भाऊ खरंच नेत होता.

उभ्या ट्रॅक्टरचं चाक फिरवलेलं त्याला खपायचं न्हाई. एका बागाईतदारानं नवा ट्रॅक्टर घेतला आणि राजूरच्या गणपतीपुढं पुजायला आणला. हार घातले, स्टेरिंगला रिबीन गुंडाळली, मालक वर बसले आणि फोटोसाठी जागच्या जागी चाक इकडं तिकडं फिरवायला लागले. चाचा कडेला जिलबी खात उभा होता. तो जिलबीचा कागद माझ्या हातात देऊन तडक त्या गर्दीत घुसला आणि मालकाला म्हणाला, खाली उतरा, उभ्या टायरावर चाक पिळता, जनावराची मान पिळाल का अशी? मालक लालबुंद. त्यांचा मेव्हणा तर अंगावर आल्ता. मी मधी पडलो म्हणून निभावलं. दोन वर्षांनी तोच ट्रॅक्टर शेडात आला आणि मालक पिंपांभोवती गुपचूप आठ काढत बसले.

पण चाचाची खरी गंमत त्याच्या बोटात होती. उजव्या हाताचं पहिलं बोट. काम झालं की तो खाली झोपायचा, सांध्यावर बोट ठेवायचा, अर्धं ह्या भागावर, अर्धं त्या भागावर, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, हला. मी वर चाक थोडं थोडं हलवायचो. सांध्यात केसाएवढा खेळ असला तरी बोटाला कळायचा. "है" म्हणाला की सगळं परत खोलायचं. "नहीं" म्हणाला की झालं. मंग काडीपेटीच्या काडीनं नटावर पिवळ्या रंगाचा एक टिपका लावायचा. तो टिपका बघितला की माणसं डोळे झाकून ट्रॅक्टर घेऊन जायची.

त्या बोटाचे लाड किती! चहाचा ग्लास कायम डाव्या हातात, का तर बोट भाजू नये. मिरचीला ते बोट लागू द्यायचा न्हाई. थंडीत त्या एका बोटाला खोबरेल चोळत बसायचा. चाची हसायची, म्हणायची, ह्या घरात मी आले ती नवऱ्याची दुसरी बायको म्हणून, पहिली ते बोट.

आता थोडं कामाचं सांगतो, त्याच्याशिवाय पुढचं समजायचं न्हाई. स्टेरिंगच्या पेटीतून एक दातेरी दांडी बाहेर येते. तिच्यावर एक आर्म बसतो, आणि त्या आर्मला लांब दांडा जोडलेला असतो, तो पुढची चाकं वळवतो. आर्म काढायच्या आधी आर्मवर आणि दांडीवर समोरासमोर टोकदार पंच ठोकून एक एक खूण मारायची, म्हणजे परत बसवताना दाता चुकत न्हाई. एवढंच. चाचाचा पहिला धडा हाच, पहिले निशान, बाद में पाना. मी तो नऊ वर्षांत हजारदा ऐकलेला.

त्या दिवशी आक्काचा ट्रॅक्टर आल्ता, स्टेरिंगचे झिजलेले सांधे बदलायला. आक्का म्हणजे हसनाबादच्या अलीकडं जिची मोसंबीची बाग आहे ती. नवरा एसटीत कंडक्टर, तो सदा गाडीवर, म्हणून बाग हीच बघायची आणि ट्रॅक्टर पण हीच चालवायची. पन्नाशीची बाई, पण आठचा आकडा असा काढायची की चाचा तिच्या वेळेला पाठ करून बसायचा न्हाई, वळून बघत राहायचा. तर आक्का लिंबाखाली बसली होती आणि सहज म्हणाली, चाचा, तुमच्या माघारी आमचं कसं व्हायचं हो? चाचानं माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. काडी कानात फिरवत म्हणाला, "मेरे बाद कायको? ये है ना. इसका हात और मेरा हात एकच है."

नऊ वर्षांत पहिल्यांदा. माझी छाती अशी फुगली की विचारू नका. पान्हा हातात नाचायला लागला. आणि त्याच तोऱ्यात मी आर्म ओढून काढला. काढल्यावर बघतो तर खूण मारलेलीच न्हाई.

तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. चाचा, खूण राह्यली. चार शिव्या बसल्या असत्या, आक्का हसली असती, चाचानं दाते मोजून आर्म बराबर बसवून दिला असता. पण आत्ताच तर हा बाबा म्हणाला होता, हात एकच. त्या शब्दाला अर्धा तास झाला नव्हता. मी अंदाजानं आर्म बसवला, सगळं जोडलं, आणि एक दाता चुकला. चाकं सरळ केली की स्टेरिंग वाकडं राहायचं. परत काढायचं म्हणजे ओढायचा पुलर लावावा लागतो, आणि पुलर तर मी तोवर परत चाचाच्या मागच्या खिळ्याला टांगलेला. तो मागितला की चाचा विचारणार, कायको?

मंग मी काय केलं, लांब दांड्याच्या टोकाचे आटे बाहेर फिरवून दांडाच लांब केला. स्टेरिंग सरळ झालं. पण टोक आतमध्ये चारच आट्यांवर राह्यलं, बाकीचे आटे बाहेर उघडे. चाचा खाली झोपला की त्याला दिसणार. म्हणून त्या उघड्या आट्यांवर मी बोटानं ग्रीस थापलं, वरून चिमूटभर माती लावली. जुनं वाटावं म्हणून. हे करताना माझा हात जरासुद्धा कापला न्हाई, हेच मला आता सगळ्यात जास्त खातं.

चाचा खाली झोपला. बोट ठेवलं. सांधे तर नवेच होते, त्यांत खेळ कुठून असणार? "नहीं," म्हणाला. पिवळा टिपका लावला. आक्का दोन हातांनी चाक धरून निघून गेली.

आठव्या दिवशी बागेत पाणी सोडलेलं होतं. ओल्या मातीत पुढचं चाक रुतलं, आक्कानं जोर लावून वळवलं, आणि ते चार आटे गेले. स्टेरिंग हातात नुसतं गरगर फिरायला लागलं. ट्रॅक्टर बांधावरून पाण्याच्या चारीत गेला, आक्का खाली पडली आणि फवारणीच्या टाकीची कड तिच्या डाव्या खांद्यावर आली. जीव वाचला. खांद्यात सळई टाकली. तो हात तेव्हापासून डोक्याच्या वर जात न्हाई.

ट्रॅक्टर ओढत शेडात आणला तेव्हा चाचा आक्काला बघायला जालन्याच्या दवाखान्यात गेल्ता. मी एकटाच होतो. ते टोक काढलं, आटे पार घासून गेलेले, आणि बाकीच्यांवर माझं ग्रीस तसंच. मी ते टोक भंगाराच्या पोत्यात तळाला घातलं, नवं लावलं, आर्म काढून दाते मोजून बराबर बसवला. चाचा आला आणि त्यानं एकच विचारलं, काय तुटलं? मी म्हणालो, सांधा निसटला.

म्हणजे ज्या सांध्यावर चाचानं बोट ठेवून "नहीं" म्हटलं होतं, तो. माझं नाव कुठंच आलं न्हाई. मी सगळं त्या बोटावर ढकललं.

चाचा बराच वेळ आपल्या बोटाकडं बघत बसला. त्याला साखरेचा आजार होता, डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेलं की पायाची, हाताची जाणीव जाऊ शकते. तो म्हणाला, "उंगली झूट बोली, ड्रायवर. अब इसका भरोसा नहीं." दुसऱ्या दिवसापासून त्यानं पान्ह्याला हात लावला न्हाई. शेड मला चालवायला दिलं. रोज यायचा, लिंबाखाली बसायचा, पण मी कधी म्हणालो, चाचा, जरा बोट ठेवा, तर हात मांडीखाली घालून बसायचा. पिवळ्या रंगाचा डबा माझ्याकडं आला. मी टिपके लावत राह्यलो.

एवढ्यावर थांबलं असतं तरी एक वेळ. पण चाचा दर शुक्रवारी नमाज झाली की आक्काच्या बागेत जायला लागला. मोसंबीच्या झाडावर वाळक्या काड्या राहतात, त्याला सल म्हणतात. ती काढावी लागते, न्हाई तर झाडाला रोग धरतो. आक्काचा हात वर जात नव्हता. मंग हा सत्तरीला आलेला माणूस स्टुलावर चढून तिची सल काढायचा. आक्का नको नको म्हणायची, कंडक्टर साहेबानं पण हात जोडले, पण हा ऐकेना. म्हणायचा, मेरे हात का गुन्हा है, मेरे हात को करने दो. गावात लोक म्हणायचे, चुकला असेल, पण माणूस बघा. आणि तिथं त्याला सोडायला कोण जायचं? मीच. तीन वर्षं दर शुक्रवारी माझ्या गाडीवर बसवून न्यायचो. तो उतरताना माझ्या खांद्यावर हात ठेवायचा, आणि मी मनात म्हणायचो, आज संध्याकाळी सांगू. मंग संध्याकाळी म्हणायचो, पुढच्या शुक्रवारी सांगू. बायकोला पण सांगितलं न्हाई. काय तोंडानं सांगणार?

परवा त्याच्या पायाला जखम झाली म्हणून मी त्याला जालन्याला डॉक्टरांकडं घेऊन गेल्तो. डॉक्टरांनी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि दोऱ्यानं, सुईनं जागोजागी स्पर्श करून बघितलं. पायाला बऱ्याच ठिकाणी कळलं न्हाई. मंग हात घेतले. प्रत्येक बोट चाचानं बराबर सांगितलं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला तर दोरा टेकायच्या आत तो "है" म्हणाला. डॉक्टर हसले, म्हणाले, पायाची काळजी घ्या, हात एकदम चांगले आहेत तुमचे.

येताना रस्त्याला चहा घ्यायला थांबलो. चाचानं ग्लास हातात घेतला आणि तसाच धरून राह्यला. मंग माझ्याकडं वळून म्हणाला, "डॉक्टर बोला, उंगली बिलकुल बराबर है. तो मंग उस दिन क्या हुआ रे?"

त्यानं संशयानं विचारलं असतं तर मी परत खोटं बोललो असतो, मला माझी खात्री आहे. पण त्याला खरंच कळत नव्हतं. लेकरू विचारतं तसं विचारलं त्यानं. मी सगळं सांगितलं. खूण राह्यली ते, दाता चुकला ते, चार आटे, ग्रीस, माती, भंगाराचं पोतं. सांगताना मी ग्लासाकडं बघत होतो. त्याच्या तोंडाकडं बघायची हिंमत झाली न्हाई.

चाचा हळूच म्हणाला, "दाता चुका, वो गलती. मेरे से भी होती. ग्रीस कायको लगाया?"

मी उठून चहाचे पैसे दिले. तो घरापर्यंत माझ्या मागं बसून आला, पण खांद्यावर हात ठेवला न्हाई, गाडीची मागची दांडी धरून बसला.

मला वाटलं, आता हा शेडात पाय ठेवायचा न्हाई. काल सकाळी मी शटर उघडायच्या आधी तो दारात उभा. अंगात तीन वर्षं न घातलेला कामाचा सदरा. म्हणाला, माझ्यानंतर कोणाकोणाचं स्टेरिंग खोललं, सांग. मी आठवून आठवून चौदा नावं सांगितली. त्यानं मान डोलावली आणि म्हणाला, सगळे बघायचे. पहिले आक्का.

आक्का बागेतच होती. आम्हाला बघून म्हणाली, "चाचा, आज तर बुधवार हाये. आज कसं काय येणं केलं?" चाचा ट्रॅक्टरपाशी पोत्याचं फडकं अंथरत होता. त्यानं वर न बघता सांगितलं, "इसको पूछो, आक्का," आणि खाली झोपला.

मंग मी तिच्यापुढं उभा राहून सांगितलं. चाचाला सांगितलं होतं त्याहून कठीण गेलं, कारण तिचा तो हात माझ्या डोळ्यापुढं होता. मला वाटलं होतं, शिव्या देईल, चप्पल काढेल. मी तयारीनंच गेल्तो. तिनं मला एकच विचारलं.

"मंग तीन वर्षं चाचा हितं येऊन राह्यले, ते तुम्ही बघत होता?"

मी म्हणालो, "हो."

ती ट्रॅक्टरपाशी गेली, खाली बसली आणि चाचाच्या बाहेर आलेल्या पायांकडं बघून म्हणाली, चाचा, मला माफ करा, मी तुमच्याकडून फुकट सल काढून घेतली. जिचा खांदा मी मोडला ती माफी मागत होती. मला तिथंच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. चाचानं खालून एवढंच म्हटलं, स्टेरिंग हलवा, आक्का. मी पुढं सरकलो होतो, पण त्यानं मला म्हटलं नव्हतं. आक्कानं उजव्या हातानं चाक हलवलं.

तो बाहेर आला, सदरा झटकला. बराबर आहे म्हणाला. आक्कानं दोघांना पाणी दिलं. मला पण दिलं. मी तांब्या तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

गाडीपाशी आलो तेव्हा त्यानं विचारलं, दूसरा किसका?

चौदा नावं सांगताना मी हे नाव मधेच कुठंतरी दडपून सांगितलं होतं, कारण तिथं तोंड उघडलं की बायकोला कळणार. पण इथून सगळ्यात जवळ तेच होतं. मी म्हणालो, "हसनाबादला. माझ्या सासऱ्याचा."

चाचा मागं बसला. मी गाडी हसनाबादकडं घेतली. तिथं सासू दारातच उभी राहून विचारणार होती, आज कसं काय येणं केलं म्हणून.